बोटं परत परत बधिर होतात? हँडलच्या आधी सीट बघा

डाव्या हाताची करंगळी आणि तिला लागून असलेलं अर्धं बोट. सायकलवर अर्धा-पाऊण तास झाला की तिथं मुंग्या यायच्या आणि मग बोटं बधिर व्हायची. उतरून हात झटकला की दहा मिनिटांत ठीक, दुसऱ्या दिवशी परत तेच. हा त्रास मी जवळजवळ दीड वर्ष काढला. त्या काळात तो तीनदा बरा झाला आणि तीनदा परत आला. असा जाऊन-येऊन त्रास ज्यांना होतोय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. मला कळायला दीड वर्ष लागलं, ते तुम्हाला एका रविवारी सकाळी तपासता येईल.

माझी सायकल साधी आहे. सव्वीस इंची चाकं, सरळ हँडल, पुढं शॉकअप नाही. बेळगावात वडगावातून उद्यमबागेत कामाला रोज जाणं-येणं आणि रविवारी लांबची फेरी: कधी येळ्ळूरवरून राजहंसगड, कधी पिरनवाडीहून किणये, जांबोटीकडं, कधी सरळ खानापूर. रोजच्या फेरीत त्रास कमी, रविवारी जास्त. त्यामुळं पहिले काही महिने मी 'लांब गेलं की एवढं होणारच' असं स्वतःला समजावत होतो. ते चूक होतं. अंग दुखणं आणि बोट बधिर होणं यात फरक आहे. अंग दमलं तर विश्रांतीनं भागतं, बधिरपणा म्हणजे कुठंतरी नस दाबली जातेय.

कुठलं बोट हे आधी नीट बघा

करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू बधिर होत असेल, तर तळहाताच्या बाहेरच्या कडेला, मनगटाच्या जरा पुढं जी नस जाते ती दाबली जातेय. डॉक्टर तिला अल्नर नर्व्ह म्हणतात. तळहाताच्या त्या कडेवर शरीराचा भार पडून राहिला की हे होतं. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांमध्ये ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिला त्यांच्याच नावानं 'सायक्लिस्ट्स पाल्सी' म्हणतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर दुसरी नस, मीडियन नर्व्ह. तिथं बहुतेकदा मनगट मागं दुमडून हँडल धरायची सवय असते. दोन्हीवर उपाय थोडे वेगळे आहेत, म्हणून घाई न करता पुढच्या फेरीत नेमकं कुठलं बोट ते लक्षात ठेवा.

माझं पहिल्या प्रकारातलं होतं. मी काय काय केलं ते सांगतो, कारण तुम्हीही बहुतेक हेच करत असाल. आधी जेलची गादी असलेले हातमोजे घेतले. तीन आठवडे बरं वाटलं, मग परत मुंग्या. मग जाड, मऊ ग्रिपा बसवल्या. परत महिनाभर बरं, परत त्रास. मग सीटवर जेलचं कव्हर चढवलं. तेव्हाही सुरुवातीला आराम पडला.

दर वेळी काही आठवडे बरं का वाटायचं, हे कोडं खूप उशिरा सुटलं. ग्रिपा बसवायला, कव्हर घालायला सायकल मिस्त्रीकडं जायची. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या या मिस्त्रीला एक चांगली सवय आहे: सायकल हातात आली की तो न विचारता सीट सरळ करतो आणि दोन्ही नट आवळून देतो. हातमोजे घेतले त्याच आठवड्यात सर्व्हिसिंगही केलं होतं. आराम सीटनं दिला आणि मी श्रेय हातमोज्यांना देत राहिलो.

सीट वाकते कशी

हे ध्यानात आलं ते राजहंसगडावरून उतरल्यावर. येळ्ळूरच्या बाजूला चहाला थांबलो, सायकल स्टँडवर लावली. मागून येणारा दोस्त म्हणाला, "काय गा, तुझी सीट केवढी वाकलीय पुढं, बघ की." मी बघितलं. नाक खाली, शेपूट वर. रोज तिच्यावर बसणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं, कारण ती एका दिवसात वाकली नव्हती.

मी मशीन शॉपमध्ये काम करतो. तिथं एक शिस्त अंगात मुरलेली असते: मोजल्याशिवाय काही हलवायचं नाही आणि हलवलं तर खूण करायची. दीड वर्ष मी ही शिस्त घरच्या सायकलला लावली नव्हती. त्या दिवशी लावली.

घरासमोरची फरशी सपाट आहे का ते आधी लेव्हल-बाटलीनं बघितलं. मग सीटवर नाकापासून शेपटापर्यंत एक जाड पुठ्ठ्याची वही आडवी ठेवली आणि तिच्यावर मोबाइल. मोबाइलमध्ये लेव्हलचं ॲप असतं. नाक सहा अंश खाली होतं. सहा अंश ऐकायला काही वाटत नाही, पण तेवढ्या उतारावर माणूस दर मिनिटाला थोडा थोडा पुढं घसरतो आणि ते थांबवायला हातानं हँडलला रेटत राहतो. आपण रेटतोय हे कळतही नाही. खांदे वर चढतात, कोपरं ताठ होतात आणि सगळा भार तळहाताच्या बाहेरच्या कडेवर येतो, म्हणजे बरोबर त्या नसेवर.

मी सीट सरळ केली, नट आवळले आणि सीटला दांडीवर धरणाऱ्या क्लॅम्पच्या फिरणाऱ्या चकतीवरून स्थिर भागावर पांढऱ्या पेंट-मार्करनं एक सरळ रेघ ओढली. शॉपमध्ये आवळलेल्या बोल्टवर आम्ही अशीच खूण करतो. पाच दिवस कामाला गेलो-आलो. शनिवारी संध्याकाळी रेघ बघितली: दोन भागांत तुटलेली, दोन्ही टोकांत नखाच्या जाडीएवढं अंतर. मोबाइलनं तीन अंश दाखवले. म्हणजे नट घट्ट असतानाही सीट पाच दिवसांत तीन अंश खाली आली होती. 'परत परत येणारा त्रास' म्हणजे नेमकं काय, ते त्या तुटलेल्या रेघेत मला डोळ्यांनी दिसलं.

क्लॅम्प खोलला. साध्या सायकलींवर सीटच्या दोन सळ्यांना धरणारा जो क्लॅम्प असतो, त्यात दातेरी चकत्या एकमेकींत अडकतात. दाते टोकदार हवेत. माझे दाते झिजून गोल झाले होते आणि फटींत लाल धूळ व ग्रीसचा काळा लगदा भरला होता. अशा चकत्या कितीही आवळा, खड्ड्याच्या दणक्याला सरकणारच. उलट जास्त आवळलं की उरलेले दातेही मोडतात. नवा क्लॅम्प फार महाग मिळत नाही. तो बसवा आणि बसवताना चकत्या कोरड्या, स्वच्छ ठेवा. ग्रीस फक्त नटाच्या आट्यांना.

पण मी तिथंच थांबलो असतो तर नवा क्लॅम्पही वर्षभरात गेला असता. दाते मुळात कशामुळं झिजले, हा प्रश्न उरतोच.

ओळंब्यानं सांगितलेलं उत्तर

आमचे काका गवंडी. त्यांचा पितळी ओळंबा मागून आणला. सायकल भिंतीला टेकवून उभी केली, मी वर बसलो, पायडल धरणारे दोन्ही क्रँक जमिनीला समांतर केले आणि काकांनी पुढच्या गुडघ्याच्या वाटीखाली जो हाडाचा उंचवटा लागतो तिथून दोरी सोडली. ओळंबा पायडलच्या मधोमध, म्हणजे पायडलच्या दांड्याच्या आसपास यावा, असा सायकल बसवणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. तो काही दगडावरची रेघ नाही, दोन-एक सेंटिमीटर इकडं-तिकडं चालतं. माझा ओळंबा दांड्याच्या चार सेंटिमीटर पुढं लोंबत होता.

म्हणजे सीटच खूप पुढं सरकवलेली होती. आणि ती मीच सरकवली होती, सायकल घेतली त्या आठवड्यात, कारण हँडल लांब वाटत होतं. हँडल लांब वाटलं की सीट पुढं घ्यायची, ही आपल्याकडं सर्रास केली जाणारी दुरुस्ती आहे. तिचे दोन तोटे. एक, बूड पायडलच्या जास्त वर-पुढं येतं, तोल पुढं झुकतो आणि हातांवर भार वाढतो. दोन, सीट पुढं घेतली की क्लॅम्प सळ्यांच्या मागच्या टोकाला जातो, आपलं वजन क्लॅम्पच्या पुढं पडतं आणि प्रत्येक खड्ड्यात ते वजन पान्याच्या दांड्यासारखं नाकाला खाली ओढतं. वजन क्लॅम्पच्या मागं पडत असेल तर उलट होतं, नाक वर चढतं. ते बहुतेकदा सीट फार मागं घेतलेल्या सायकलींवर दिसतं आणि तिथं तक्रार हाताची नसून मांड्यांच्या मधल्या नाजूक जागेची असते.

साखळी अशी होती: हँडल लांब, म्हणून सीट पुढं, म्हणून नाक खाली, म्हणून हातावर भार, म्हणून करंगळी बधिर. मी दीड वर्ष या साखळीच्या शेवटच्या कडीवर जेल लावत होतो.

आता दुरुस्ती, पण क्रमानं

क्रम महत्त्वाचा आहे, कारण एक गोष्ट हलवली की दुसरी हलते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदल एकदम केले आणि बरं वाटलं, तर कशानं वाटलं ते कधीच कळणार नाही. मी हीच चूक केली होती.

आधी सीटची उंची. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक सीटसारखं घट्ट वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. आलेल्या आकड्याला ०.८८३ नं गुणा. तेवढं अंतर क्रँक ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीटच्या दांडीच्या रेषेत मोजून ठेवा. माझा आकडा ७८ सेंटिमीटर, म्हणजे सीट ६८.९ वर. टूर द फ्रान्स १९८६, १९८९ आणि १९९० अशी तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावानं ही पद्धत ओळखली जाते. गणित नको असेल तर टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ होतोय का बघा. मग पंजा ठेवून चालवताना गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो, साधारण २५ ते ३५ अंशांचा. सीट वर घेताना दांडीवरची कमाल उंचीची खूण बाहेर दिसता कामा नये. ती दिसली तर लांब दांडी आणा, आहे तीच आणखी वर ओढू नका. आत अपुरी राहिलेली दांडी मोडते किंवा फ्रेमची नळी फाडते.

मग पुढं-मागं, ओळंब्यानं. सीट मागं घेतली की उंची किंचित वाढते, त्यामुळं परत एकदा उंची बघा. मग तिरकेपणा: सपाटपासून सुरुवात करा. फार तर एक-दोन अंश नाक खाली चालेल, त्याहून जास्त नाही. आणि मग ती पेंटची रेघ.

आता हँडल. सीट जागेवर गेल्यावर माझं हँडल खरोखरच लांब पडलं. म्हणून हँडल धरणारा स्टेम बदलला, ११० मिलिमीटरचा काढून ८० चा बसवला. दुकानात जाण्याआधी व्हर्नियरनं दोन मापं घ्या: हँडलची नळी मधोमध किती जाड (२५.४ किंवा ३१.८ मिलिमीटर असते) आणि स्टेम ज्या नळीवर बसतो ती किती जाड. ही मापं जुळली नाहीत तर स्टेम बसणार नाही आणि पत्र्याची पट्टी घालून बसवूही नये. नव्या पद्धतीच्या स्टेममध्ये वरचा बोल्ट स्टेम धरून ठेवायला नसतो, तो बेअरिंगचा खेळ काढायला असतो. धरतात ते बाजूचे बोल्ट. आधी वरचा हलका आवळून खेळ काढा, हँडल चाकाशी काटकोनात आणा, मग बाजूचे दोन्ही आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. शेवटी पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल जोर लावून फिरवून बघा. ते चाकाला सोडून फिरलं तर त्या सायकलवर बसू नका. बऱ्याच स्टेमना उलटं बसवलं की हँडल एक-दोन सेंटिमीटर वर येतं. हे करायला पैसेही लागत नाहीत. चाळिशी ओलांडलेल्या आणि मान दुखणाऱ्या माणसानं आधी हेच करून बघावं.

मनगट सरळ राहायला ब्रेकच्या लिव्हरचा कोन बघा. हात हँडलवर ठेवून बोटं पुढं सरळ केली की ती लिव्हरवर पडली पाहिजेत. पुष्कळ सायकलींवर लिव्हर जमिनीला समांतर बसवलेला असतो. मग बोटं पोचवायला मनगट मागं दुमडावं लागतं. अंगठ्याकडची बोटं बधिर होणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी. ज्यांचा हात लहान आहे त्यांनी लिव्हरमधला बारका स्क्रू फिरवून लिव्हर जवळ आणावा, बहुतेक लिव्हरना तो असतो.

ग्रिपांबद्दल एकच सांगतो: जाड म्हणजे चांगली नव्हे. फार जाड ग्रिप धरायला मूठ सतत ताणावी लागते. बाहेरच्या कडेला पंखासारखी रुंद झालेली ग्रिप मिळते, ती तळहाताला मोठी टेकण देते आणि सरळ हँडलवर खरोखर उपयोगी पडते. तिचा पंख मात्र मनगटाच्या रेषेत बसवा, खाली झुकलेला पंख काही कामाचा नाही. पावसाळ्यात रबरी ग्रिप गोल फिरायला लागते. ब्रेक दाबताना ती फिरली तर हात सुटतो, तेव्हा हे अंगावर काढू नका. ग्रिप काढून नळी स्पिरिटनं पुसा आणि ओली असतानाच ग्रिप चढवा. स्पिरिट उडून जातं आणि रबर घट्ट धरतं. तेल, साबण यांनी चढवलेली ग्रिप परत फिरतेच. नाहीतर स्क्रूनं आवळायच्या ग्रिपा घ्या.

आणि टायरची हवा. दुकानातल्या कॉम्प्रेसरनं टायर दगडासारखं टम्म भरून घ्यायची आपल्याला सवय आहे. पण त्या दगडाचा प्रत्येक कंप हातातच येतो. बऱ्याच टायरच्या बाजूवर किमान आणि कमाल दाब छापलेला असतो. तो वाचा आणि तुमच्या वजनाप्रमाणं मधला कुठला तरी ठेवा. खानापूरच्या पुढं जंगलातल्या तुटक्या रस्त्यावर हा एक बदलसुद्धा जाणवतो.

सीट रुंद की अरुंद

जुन्या काळी गावोगाव दूधवाले, पेपरवाले जी काळी उभी सायकल चालवत, तिच्यावर माणूस ताठ बसतो. सगळं वजन बुडावर, हँडल जवळ आणि वर. तिला रुंद, स्प्रिंगची सीट शोभते आणि ती बरोबरही आहे. पण तीच रुंद सीट पुढं झुकून चालवायच्या सायकलला लावली की मांड्यांना घासते आणि माणूस आपोआप नाकावर सरकून बसतो. परत हातावर भार. सीट बुडाच्या दोन हाडांना टेकण द्यायला असते, मांसाला गादी द्यायला नव्हे. ती हाडं किती अंतरावर आहेत ते घरी मोजता येतं: खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक पाटावर ठेवा, त्यावर बसून थोडं पुढं झुका, उठा आणि जे दोन खळगे पडतील त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा. सीटचा मागचा भाग त्याहून दोन-तीन सेंटिमीटर रुंद हवा. बायकांमध्ये हे अंतर साधारणपणे जास्त असतं, म्हणून पुरुषाची सीट त्यांना टोचते, यात त्यांचा नाजूकपणा नाही.

जेलच्या कव्हरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: काढून टाका. मऊ गादीत हाडं खोल रुततात आणि मधला नाजूक भाग वर दाबला जातो. शिवाय आपल्याकडच्या पावसात ते स्पंजासारखं पाणी धरतं आणि सरकतं. जांघेत बधिरपणा येत असेल तर लाज बाळगून गप्प बसू नका. तिथली नस आणि रक्तवाहिनी दाबली जातेय. दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभं राहून भार काढा, मध्ये खाच असलेली सीट बघा, नाक वर चढलेलं नाही ना ते मोजा. सायकलची पॅड असलेली चड्डी घालत असाल तर आत दुसरी चड्डी घालू नका, घासतं ते तिच्या शिवणीनंच.

सोमवारचा गुडघा

हाताचा प्रश्न सुटला आणि महिन्यानं नवीनच तक्रार आली. रविवारच्या फेरीनंतर सोमवारी गुडघ्याच्या मागं ओढ. मोजलेलं सगळं जागेवर, रेघ शाबूत. मग कारण सापडलं ते बुटांत. कामावर मी सेफ्टी शूज घालून जातो, त्यांचा तळ जाड. सीट त्याच बुटांत बसून लावली होती. रविवारी पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट घातले की तोच पाय दीड-एक सेंटिमीटरनं आखूड, म्हणजे सीट तेवढी उंच झाली. सीट उंच असली की गुडघ्याच्या मागं ओढ लागते, सीट खाली असली की पुढं, वाटीभोवती दुखतं. आता सीटच्या दांडीवर दोन रेघा आहेत, एक कामाची, एक रविवारची.

वाटीभोवतीच्या दुखण्याचं उदाहरण घरातच होतं. कर्नाटक सरकारनं २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींना सायकली दिल्या, त्यातली एक ताईच्या थोरल्याला मिळाली होती. आता ती धाकटी चालवते. सीट पहिल्या दिवशी होती तिथंच, सगळ्यात खाली. मुलगी मात्र वीतभर वाढलीय. "मामा, शाळेतून आलं की गुडघं दुखतात," म्हणाली. सीट वर घेतली तर ताई घाबरली, पाय जमिनीला टेकणार नाहीत म्हणून. सीटवर बसून दोन्ही पाय सपाट टेकत असतील तर सीट नक्कीच खाली आहे. थांबताना सीटवरून पुढं उतरून एक पाय टेकायचा असतो, हे तिला मैदानावर शिकवलं आणि सीट आठवड्याला एक सेंटिमीटर अशी चार आठवड्यांत वर नेली. एकदम नेली असती तर ती घाबरून परत खाली करून घेतली असती.

पायडलबद्दल थोडक्यात. पंजाचा फुगीर भाग दांड्यावर यावा. चप्पल, विशेषतः गुळगुळीत तळाची, ओल्या पायडलवरून सुटते आणि नडगी सोलते, म्हणून पावसात खिळ्यांची किंवा खडबडीत पायडलं घ्या. बदलताना लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात.

बाकीच्या वस्तू, आणि त्याही शरीराला जोडलेल्याच

डब्याची पिशवी पाठीवर घेतली की तिचं वजन शेवटी हातांवर येतं. ती कॅरियरवर बांधा. हँडलला अडकवलीत तर चाक एका बाजूला ओढतं आणि तुम्ही नकळत एकाच हातानं सावरत राहता. माझी डावी करंगळीच जास्त का जायची, त्याचं थोडं उत्तर डाव्या मुठीला लोंबणाऱ्या डब्यात होतं. मोबाइलचा होल्डर, घंटी, लाइट सगळं हँडलवर दाटीनं लावलं की हाताला जागा उरत नाही आणि मूठ चुकीच्या जागी बसते. घंटी अंगठ्याला लागेल अशी, हात ब्रेकवरून न काढता वाजली पाहिजे.

मागचा लाल दिवा सीटच्या दांडीवर लावतात. पण रेनकोट किंवा जर्किन मागं लोंबलं की तो झाकतो, कॅरियरवर पिशवी ठेवली तरी झाकतो. चालवणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. दिवा कॅरियरच्या मागच्या टोकाला किंवा मडगार्डवर लावा आणि एकदा घरच्या कुणाला तरी मागं उभं करून, नेहमीचे कपडे-पिशवी घेऊन बसून, दिसतो का विचारा. आपल्या भागात ऊस सुरू झाला की निपाणी, संकेश्वर, हुक्केरी, चिक्कोडीकडच्या रस्त्यांवर पहाटे आणि रात्री ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या असतात, बाजूनं कांडकी बाहेर आलेली. हिवाळ्यात वर धुकं. अशा वेळी उजव्या टोकाला लावलेला छोटा आरसा मला हेल्मेटइतकाच गरजेचा वाटतो. मान वळवून मागं बघताना सायकल उजवीकडं झोल खाते आणि उसाची कांडकी त्याच बाजूनं येते.

हेल्मेट कपाळावर, भुवईच्या दोन बोटं वर. कानाखाली पट्ट्यांचा 'व्ही', हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढीच ढील. एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदला, आतलं थर्माकोल एकदाच दबतं.

लाल मातीच्या पावसात रिमवरचे ब्रेक उशिरा धरतात आणि रबरांत वाळूचे कण रुतून रिमच खातात. जांबोटीकडून आलो की मी रबरं काढून खिळ्याच्या टोकानं कण टोकरून काढतो. ब्रेक जोरानं दाबायला लागणं हाही हाताचा त्रासच आहे.

एवढं सगळं करूनही, सायकल बंद ठेवून आठ-दहा दिवसांनी बधिरपणा तसाच राहिला, बोटं एकमेकांपासून फाकवता येईनात, किल्ली फिरवताना किंवा बटण लावताना पकड कमी वाटली, तर सायकलशी खेळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. नस फार दिवस दाबली गेली तर हाताची ताकदही जाते आणि ती परत यायला महिने लागतात.

माझ्या सायकलचा नवा क्लॅम्प बसवून दोन पावसाळे झाले. दर रविवारी हवा बघताना एक नजर त्या पांढऱ्या रेघेवर टाकतो. मागच्या महिन्यात चोर्ल्याच्या रस्त्यानं कणकुंबीपर्यंत जाऊन आल्यावर ती केसभर सरकलेली दिसली. नट पाव फेरा आवळला, जुनी रेघ पुसून नवी ओढली.